रजईच्या डब्याला ताप आला

झाकण कोमट होतं हो! म्हणजे बघा, जानेवारीचा महिना, दिल्लीची थंडी, बाल्कनीतली फरशी अशी की अनवाणी पाय ठेवला तर कळ थेट मेंदूत जाते, नळाचं पाणी, कपडे वाळत घालायची तार, बाबांचं नाक… सगळं सगळं गार, आणि त्या सगळ्यात एकटं ते निळं झाकण… कोमट! मी हात मागे घेतला. परत ठेवला. परत मागे घेतला. तुम्हाला सांगते, मी अशी मुलगी आहे की कुकरची तिसरी शिट्टी येणार हे माहीत असूनही तिसऱ्या शिट्टीला उडते, आणि इथे माझ्या हाताखाली एक प्लास्टिकचा डबा, ज्याला मी प्लग लावलेला नाही, गॅसवर ठेवलेला नाही, उन्हात नेलेला नाही (ऊन आहेच कुठे?), तो आपला आपण तापतोय! आणि मी ओरडत आत गेले तर बाबा काय म्हणाले असतील? "समता, कचराच तर आहे!"

कचराच तर आहे! गेले अकरा दिवस हेच ऐकतेय मी. ज्याला विचारावं तो, कचराच तर आहे, कचराच तर आहे…

हा डबा म्हणजे काय, तर आमचा रजईचा डबा. लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कुठल्याही घरी जा, एक पारदर्शक, माझ्या कमरेपर्यंत येणारा, निळ्या झाकणाचा डबा असतोच, उन्हाळ्यात त्यात रजया आणि हिवाळ्यात पंखे पुसायची फडकी. आमचा आईनं करोल बागेतून आणलेला, मेट्रोत डोक्यावर धरून. आता थंडीमुळे रजया अंगावर, फडकी बाहेर काढली की डबा रिकामा. आणि आई दहा दिवस घरी नाही. आणि मी एम. ए. होऊन घरीच. आता तुम्हीच सांगा, रिकामा डबा आणि रिकामी मुलगी एका घरात ठेवल्यावर काय होणार?

आई गेली होती हरियाणात, सोहन्याला, विपश्यनेच्या शिबिराला. दहा दिवस मौन. फोन दारातच जमा. खरं सांगू का, आमच्या घरी धम्माचं सगळं होतं, वंदना होते, चौदा एप्रिलला बाबा नवा शर्ट घालतात, पण दहा दिवस गप्प बसण्याएवढं कुणी मनावर घेतलं नव्हतं. आईनं घेतलं, कारण मार्चमध्ये हिंगणघाटला आजी गेली, आणि तेव्हापासून आई झोपत नव्हती. म्हणजे पडायची, डोळे मिटायची, पण झोप नाही. बोलायची तेही मोजकं, "दूध आलं का", "दार लाव", असं. तर मला वाटलं, ही येईपर्यंत आपण हिला काहीतरी सरप्राइज द्यावं. तिच्या कढीपत्त्याचं झाड पिवळं पडत होतं. त्याला घरचं खत! स्वतःच्या हातचं! काय सुंदर कल्पना…

इंटरनेटवर एक ग्रुप सापडला, 'माती-मैत्री'. तिथल्या मयुराताई. त्यांचा आवाज म्हणजे असा… झोपेत मध घातल्यासारखा. "समता डिअर, एक साधा डबा घे… भोकं पाड… ओला कचरा घाल… सुका कचरा घाल… आणि लेट गो कर…" मी विचारलं, "ताई, वास आला तर? किडे झाले तर? डबा फुटला तर?" तर म्हणाल्या, "इतकं टेन्शन का घेतेस गं? कचराच तर आहे!"

झालं. डिसमिस गॅसवर तापवून भोकं पाडली. प्रत्येक भोकाला मी एकदा किंचाळले, कारण प्लास्टिक 'चर्रर्र' करतं. धूर झाला. धूर झाला म्हणून वरच्या मजल्यावरच्या देविका आंटी आल्या. आंटींचे मिस्टर रेल्वे मंत्रालयात, आणि आंटी स्वतः आमच्या जिन्याच्या गृहमंत्री! त्यांनी डबा बघितला, मला बघितलं, आणि म्हणाल्या, "अच्छाऽऽ… खाद बना रही है? वाह बेटा! छिलके चाहिए होंगे?" मी म्हटलं, "जी आंटी, थोडे से." माझी चूक ही, की मी 'थोडे से' जरा हळू म्हणाले.

कारण दिल्लीत जानेवारी म्हणजे काय? मटार! अख्खी कॉलनी गच्चीत नाहीतर पार्कात बसून मटार सोलतेय, वर्षाचे मटार फ्रीजरमध्ये भरतेय, बायकांच्या मांडीवर मटार, पोरांच्या दप्तरात मटार, आणि त्या सगळ्याची टरफलं… कुठे? आमच्या दारात! दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पाच पिशव्या. दुपारी आठ. त्यावर मुळ्याचा पाला. त्यावर गाजराची सालं, म्हणजे कुणाकडे तरी हलवा झाला होता आणि आमच्याकडे त्याची फक्त सालं आली! नाही म्हणायला गेले तर आंटी, "अरे, कूड़ा ही तो है बेटा, डाल दे!" मी डालत राहिले. मला नाही म्हणता येत नाही हो. फोनवर कुणी क्रेडिट कार्ड विकायला लागलं तर मीच सॉरी म्हणते.

चौथ्या दिवशी वास. साधा नाही, डोळ्यांत जाणारा. मयुराताईंना मेसेज केला, त्यांनी लगेच समजावलं, "डिअर, ओलं फार झालंय. आता सुकं घाल. वाळकी पानं, जाड थर दे. वरचेवर हलवू नकोस, त्याला त्याचं राहू दे." वाळकी पानं! सोपं! आमच्या ब्लॉकसमोर पार्क आहे, पार्कात कडुलिंब, पिंपळ, जांभूळ, कोपऱ्यात वाळक्या पानांचा हा एवढा ढीग. गेले मी पिशवी घेऊन. आणि त्या ढिगावर कोण झोपलंय? तीन कुत्री! थंडीत त्यांची गादीच ती! मी दहा फुटांवर उभी राहिले. त्यातल्या काळ्यानं फक्त एक डोळा उघडला. एकच डोळा! मी घरी.

मग बाबांकडे वर्तमानपत्रं मागितली, फाडून घालायला. बाबा, म्हणजे बबन वासनिक, सेक्शन ऑफिसर, तीस वर्षं फायली हलवून हलवून घरीसुद्धा शेरा मारल्यासारखं बोलतात. "ती वर्तमानपत्रं वाचावयाची शिल्लक आहेत." म्हटलं, "बाबा, दोन हजार सोळाची आहेत!" तर म्हणे, "म्हणूनच. प्रलंबित आहेत."

आता मी काय करू? वास दाराखालून जिन्यात चाललेला. मी घरभर सुकं काहीतरी शोधत फिरतेय, झाडूचे फडे बघितले, उशीतला कापूस बघितला, बाबांकडे एकदा बघितलं… आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर, पिठाच्या डब्यामागे, हाताला लागली एक फुलाफुलांची उशीची खोळ. तोंडाला गाठ. आत काय? पानं! वाळकी, चुरचुरीत, हिरवट-तपकिरी, बारीक बारीक पानं, अगदी मयुराताईंच्या व्हिडिओत होती तशी! मला वाटलं, आईनं उशी भरायला आणली असतील. किंवा झाडांसाठीच. मला इतका आनंद झाला, तुम्हाला सांगते, मी त्या खोळीला नमस्कार केला! आणि डब्यात जाड थर दिला. अख्खी खोळ रिकामी. वरून थोपटलं पण. कणभर शंका आली, आईला विचारावं का? पण आईचा फोन बंद, आणि मीच मला म्हटलं, कचराच तर आहे…

आणि खोळ धुळकट होती म्हणून मशीनला टाकली. म्हणजे पुरावा पण मीच धुतला!

वास गेला. दोन दिवस इतके छान गेले! मग सहाव्या दिवशी ते झाकण कोमट. मी तापाचं थर्मामीटर झाकणावर ठेवलं. बीप बीप बीप आणि स्क्रीनवर आकडाच नाही, नुसताच एक 'एच', म्हणजे 'हाय'! बाबांना दाखवलं. बाबांनी चष्मा पुसला, म्हणाले, "डब्याचं नॉर्मल किती असतं, हे आधी निश्चित झालं पाहिजे."

आणि सातव्या दिवशी हिंगणघाटहून मीराबाई मावशीचा फोन, म्हणजे आईच्या, क्रांतीच्या, बहिणीचा. मावशी फोनवर बोलत नाही, ती हिंगणघाटच्या ओट्यावरून थेट दिल्लीला हाक मारते. "काय करून राहिली व पोरी? क्रांती आली नाही का अजून? ऐक, थे आली का तिले सांगजो, मायनं देलेली थे हरभऱ्याची भाजी उंदरापासून सांभाळ म्हणा! मायच्या हातची शेवटली भाजी हाय थे. मागच्या थंडीत बसून बसून वाळवली मायनं, एकेक पान. माह्या वाट्याची तं मी खाऊन बसली. तुमच्याकडे हाय अजून. थे फुलाफुलाच्या खोळीत, नाही का?"

त्या वेळी खोळ बाल्कनीत वाळत होती. स्वच्छ. फुलं अगदी टवटवीत दिसत होती.

आता तुम्ही म्हणाल, तुला कळलं नाही? नाही कळलं हो! मी दिल्लीत वाढले! माझ्यासाठी हरभरा म्हणजे छोले! त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते, ती वाळवतात, वर्षभर पुरवतात, मूठभर काढून डाळीत घालतात, हे मला कुणी सांगितलं कधी? आई करायची ती भाजी, गेल्या दहा महिन्यांत तीन-चारदा, ते पण एवढीशी, आणि वाढताना म्हणायची, "हळू खा." बस, एवढंच. मला वाटायचं मेथी आहे! मी त्यावर दही घालून खायचे, आणि आई बघत राहायची. आता कळतंय ती का बघायची.

मी शिबिराच्या ऑफिसला फोन लावला. तिकडून एक गृहस्थ इतकं हळू बोलतात की मला वाटलं फोनच बिघडला. "जी… साधकों को फोन नहीं दे सकते… इमर्जेंसी हो तो संदेश पहुँचा देंगे… इमर्जेंसी क्या है?" मी म्हटलं, "सब्ज़ी." शांतता. "जी?" मी म्हटलं, "सूखी सब्ज़ी. नानी की. मैंने कूड़े में डाल दी." परत शांतता. इतकी खोल शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही. मग म्हणाले, "मंगल हो," आणि ठेवला.

मग म्हटलं, काढावी! मयुराताईंनी सांगितलं होतं, सुका थर आठवडाभर तसाच दिसतो. म्हणजे आशा होती! थोडी तरी, एक मूठ तरी, वरवरची तरी! धुऊन, वाळवून, खोळीत… नाही, खायला नाही हो! नुसती ठेवायला! आईला एवढं तरी की ही बघ, आहे. मी हातात मोजे घातले, तोंडाला ओढणी बांधली, झाकण चार बोटं उचललं… आणि भस्सकन वाफ आली तोंडावर! वाफ! इडलीच्या कुकरसारखी! आणि त्या वाफेत, कडेला, पांढऱ्या, गुबगुबीत, वळवळ वळवळ… अळ्या! तुम्हाला सांगते, मी ओरडले ते करोल बागेत ऐकू गेलं असेल. मी म्हणतेय, "बाबा, मारा, मारा!" आणि बाबा बाल्कनीच्या दारात उभे राहून शांतपणे म्हणतायत, "समता, सकाळीच वंदना म्हटलीस ना? पाणातिपाता वेरमणी. प्राणिहत्या करावयाची नाही." म्हटलं, "मग काय करू?" तर म्हणाले, "स्थलांतर."

स्थलांतर म्हणजे डबा बाल्कनीतून उचलून आमच्या दाराबाहेर, जिन्याच्या चौकात! बाबा, मी आणि गेटवरचे गार्डभैया, चादरीवर ठेवून ओढत ओढत नेला. गार्डभैया म्हणाले, "मैडम, लाश जितना भारी है." मी तिथेच बसले. तर लगेच म्हणाले, "अरे डरो मत, कूड़ा ही तो है!" आणि हातमोजे काढून झाकणावर हात शेकायला लागले. "वाह! हीटर है ये तो!"

झालं. हीटर आहे म्हटल्यावर बातमी पसरायला किती वेळ? आठव्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, मनाशी पक्कं ठरवून की आज काहीही झालं तरी तो थर काढायचा, अळ्या असोत, वाफ असो, आईसाठी… आणि डब्याला वेढा घालून कोण झोपलंय? तिघं! पार्कातली! दोन जिने चढून आली! आणि तो काळा, त्यानं परत एकच डोळा उघडला. मी दार लावलं. म्हणजे आधी यांच्या भीतीनं मी पार्कात गेले नाही, म्हणून भाजी डब्यात गेली, आणि आता यांच्याच भीतीनं ती बाहेर काढता येत नाही!

बाबांना म्हटलं, हाकला. बाबांनी दाराच्या भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "त्यांचा ताबा आता शांततापूर्ण आहे." म्हटलं, "बाबा, आजीची भाजी आहे हो त्यात! आईला काय सांगू मी?" तेव्हा मात्र बाबा भिंगापासून बाजूला झाले. मग म्हणाले, "प्रकरण सक्षम प्राधिकारी परत येईपर्यंत विचाराधीन ठेव." सक्षम प्राधिकारी म्हणजे आई. आणि पेपरमागे गेले. दोन हजार सोळाच्या.

नववा दिवस. कुत्री दुपारी जेवायला खाली जातात, मी वेळ बघून ठेवली होती. एक वाजून दहा मिनिटं. दार उघडलं, चमचा-घमेलं घेऊन बाहेर पडले, झाकणाला हात घालणार… तर झाकणावर पातेलं! वर ताट, ताटावर जाडजूड शाल गुंडाळलेली. मी हात लावणार तोच वरून आवाज, "हाथ मत लगाना बेटाऽऽ!" मी घमेलं सोडलं. ठण्ण! देविका आंटी कठड्यावरून वाकून, "दही है! चार दिन से जम ही नहीं रहा था, इतनी ठंड! तेरे डिब्बे पे रखा तो एक रात में ऐसा जमा, ऐसा जमा कि चाकू से काट लो!" मी म्हटलं, "आंटी, मुझे खोलना है, बहुत ज़रूरी है…" तर त्या दुखावल्या. "खोलेगी तो हिलेगा. हिलेगा तो पानी छोड़ेगा. मैं क्या रोज़-रोज़ कुछ माँगती हूँ तुझसे?" मी म्हटलं, "सॉरी आंटी." म्हटलंच! सॉरी कुणी म्हटलं? मी!

दहाव्या दिवशी चार पातेली. तळमजल्यावरच्यांचं, समोरच्या ब्लॉकचं, आणि एक कुणाचं तेच माहीत नाही. एक काढलं की दुसरं लागतं. झाकण कुणी उघडू नये म्हणून आंटींनी त्याला दोरी बांधलीय. कुत्री पण हुशार, पातेल्याला तोंड लावत नाहीत, नुसती राखण करतात. आणि मी दाराच्या भिंगातून बघतेय, की त्या निळ्या झाकणाखाली आजीचं एकेक पान काळं होत चाललंय, आणि वर अख्ख्या जिन्याचं दही लागतंय.

आज अकरावा दिवस. आज सकाळी मौन सुटतं, फोन परत मिळतात. मी सातपासून लावतेय. स्विच्ड ऑफ. स्विच्ड ऑफ. स्विच्ड ऑफ. काय बोलायचं ते बाबांनी लिहून दिलंय, आधी प्रस्तावना, मग पार्श्वभूमी, मग वस्तुस्थिती, शेवटी 'क्षमस्व'. मी ते फाडलं. मी सरळ सांगणार आहे. आई, मी आजीची भाजी कचऱ्यात घातली. बस. एकाच श्वासात. ती घरी येऊन माळ्यावर हात घालायच्या आत तिला माझ्याच तोंडून कळलं पाहिजे, एवढं तर मी करूच शकते ना? दचकत का होईना, पण… थांबा. थांबा थांबा. रिंग जातेय! अहो, खरंच रिंग जातेय!

हॅलो?… आई? आई, मी… हो, मी ठीक आहे. बाबा पण. हो, जेवतात. आई, ऐक ना, मला तुला एक… काय?… झोप लागली? रोज?… एक मिनिट हं आई… ऐकलंत तुम्ही? झोप लागली म्हणतेय! हसतेय हो ती! दहा महिन्यांत हा आवाज ऐकला नव्हता मी… हां आई, बोल, बोल तू. मी ऐकतेय… आजी दिसली? डोळे मिटल्यावर?… गच्चीवर बसलेली… भाजी निवडत… अगं, रडू नको ना… हसतेयस? बरं… काय? आज? आज संध्याकाळीच करणार? सगळी? म्हणजे… पुरवून पुरवून नाही खायची आता, सगळ्यांनी मिळून पोटभर… हो. येताना लसूण आणतेस… मी काय करून ठेवू?… माळ्यावर. पिठाच्या डब्यामागे. खोळ… भाजी काढून ठेवू…

हो आई. काढते ना. काढते… फक्त दही लागू दे.